पासिंग, पाटे आणि परदेशी पिकअप

(दृश्य: नारायणगावचा टोमॅटो बाजार. दुपार उलटलेली. क्रेट लादलेल्या पिकअपची लांब रांग.)

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ऐन हंगामात उभं राहिलं, की कोणती गाडी चालते हे कुणाला विचारावं लागत नाही. बोलेरो पिकअपच्या मागे बोलेरो पिकअप. मध्येच एखादी टाटा योद्धा, एखादी इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त. कोपऱ्यात छोटे हत्ती, म्हणजे टाटा एस. इसुझूची डी-मॅक्स दिसते, पण शोधावी लागते. आणि टोयोटाची हायलक्स? ती इकडे क्वचित येते, आणि आलीच तर तिच्यात माल नसतो, मालक असतो.

आता जगाच्या नकाशावर पाहिलं, तर चित्र उलटं आहे. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, थायलंड, सगळीकडे हायलक्स आणि डी-मॅक्स यांचा दबदबा. वाळवंटात, खाणीत, शेतात याच गाड्या. मग जुन्नर तालुक्यात असं काय आहे, की जग जिंकलेल्या गाड्या इथल्या बाजारात पाहुण्यासारख्या वावरतात?

देशाभिमान हे उत्तर नाही. दहा लाखांचं कर्ज काढणारा माणूस झेंडा बघून गाडी घेत नाही. खरं उत्तर शोधायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कारखान्यांच्या असेंब्ली लाइन.)

१९८०च्या दशकात केंद्र सरकारने हलक्या मालवाहू गाड्यांचं दार जपानी तंत्रज्ञानाला उघडलं. एकदम चार जोड्या जमल्या. दिल्लीच्या डीसीएमने टोयोटाशी हात मिळवला, कारखाना उत्तर प्रदेशात सूरजपूरला. हैदराबादच्या ऑल्विनने निसानला आणलं, कारखाना जहीराबादला. पंजाबात रोपडजवळ स्वराज आणि माझदा. मध्य प्रदेशात पीथमपूरला आयशर आणि मित्सुबिशी.

गाड्या देखण्या होत्या. इंजिन चपळ, केबिन नीटनेटकी, डिझेल कमी पिणाऱ्या. जुन्या ट्रकच्या मानाने चालवायला हलक्या. देशी कंपन्यांचं आता कठीण आहे, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल तर नवल नाही.

पण १९८५च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एक करार झाला. जगातल्या पाच मोठ्या अर्थव्यवस्थांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं, आणि जपानी येन भराभर महागला. करारापूर्वी एका डॉलरला साधारण २४० येन पडत. १९८८ उजाडेपर्यंत तो आकडा १२०च्या आसपास आला. चारही कंपन्या सुरुवातीला सुटे भाग जपानहून आणत होत्या. गाडी इथे जुळवायची, पण बिल येनमध्ये भरायचं. म्हणजे भारतातल्या रस्त्यावर एक मैलही न धावता गाडीचा खर्च वाढत गेला.

याच सुमारास, १९८६मध्ये, पुण्यात टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ४०७ बाजारात आणली. या गाडीला येनचं काही देणंघेणं नव्हतं. बहुतेक भाग देशातच तयार होणारे, आणि चौकट अशी, की मालक कागदावरच्या वजनावर थांबणार नाही हे गृहीत धरूनच जणू बांधलेली. ४०७ने हा वर्ग ताब्यात घेतला. आज जवळपास चाळीस वर्षांनीही ती विकली जाते. गणपतीत तिच्यावर मूर्ती असते, लग्नसराईत बँडवाले, आणि एरवी वीट, वाळू, चारा.

त्या चार जोड्यांचं पुढे काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. डीसीएम टोयोटामधून टोयोटा बाहेर पडली, कोरियाची देवू आत आली, आणि त्याच कारखान्यातून पुढे सिएलो मोटार निघाली. निसानचा जहीराबादचा कारखाना महिंद्राकडे गेला. आयशरने मित्सुबिशीकडून शिकून घेतलं, नंतर व्होल्वोशी भागीदारी केली, आणि आज आपल्याकडच्या बातम्यांत ‘आयशर टेम्पो’ इतक्या सहज येतो, की त्यामागे कधी जपानी कंपनी होती हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. राहिली स्वराज माझदा. ती पुढे एसएमएल इसुझू झाली, आणि २०२५मध्ये महिंद्राने तिच्यातला जवळपास ५९ टक्के हिस्सा ५५५ कोटींना घेतला. चारांपैकी दोन जोड्या अखेर एकाच देशी घरात आल्या.

(दृश्य: जुन्या जीपचा पुढचा भाग. हळूहळू बोलेरोच्या तोंडावर येतो.)

देशी घर म्हटलं खरं. पण हे घर तरी किती देशी? महिंद्राची सुरुवात अमेरिकेच्या विलीज जीप इथे जुळवण्यापासून. १९८०च्या दशकात जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं ते फ्रान्सच्या प्यूजोचं. टाटांनी ट्रक बनवायला घेतले ते १९५४मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझबरोबर, पंधरा वर्षांच्या करारावर. फिरोदियांच्या बजाज टेम्पोचं तर नावच जर्मनीतून आलेलं, आणि आज मराठी माणूस चार चाकांवर माल वाहणाऱ्या कशालाही टेम्पोच म्हणतो. अशोक लेलँडची दोस्त २०११मध्ये आली ती निसानच्या जुन्या व्हॅनच्या सांगाड्यावर. पुढे दोघांचं फाटलं, निसान बाहेर पडली आणि दोस्त इथेच राहिली.

या सगळ्यांत सारखी गोष्ट एकच दिसते. गाडी कुठून आली याने फरक पडला नाही. तिचे भाग इथे बनायला लागले का, आणि बनवणारा इथे टिकला का, यावर सगळं ठरलं.

(दृश्य: वजनकाटा. एक पिकअप काट्यावर चढते.)

आता पुन्हा बाजारात येऊ. गाडी घेताना इथे पहिला प्रश्न असतो, ‘पासिंग किती?’ म्हणजे कागदोपत्री किती वजन चालतं. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल. क्रेटचं वजन धरून २२ म्हणू. पिकअपचं पासिंग १७०० किलो असेल, तर ७५ ते ७७ क्रेटला हिशेब संपतो. पण भाडं ठरतं क्रेटवर. शंभर क्रेट चढवले की २२०० किलो झाले. वाशीची खेप तीच, डिझेल थोडंच जास्त, आणि वरच्या पंचवीस क्रेटचं भाडं जवळजवळ निव्वळ नफा. या पंचवीस क्रेटनी महाराष्ट्रातल्या पिकअपचा आकार ठरवला आहे, असं म्हटलं तरी चालेल.

हे बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. तरी पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वाढवून घेतले जातात. मागच्या बाजूला एक पाटा जास्त, टायर एक नंबर वरचा, आणि गाडी तयार. गाडी खाली बसली नाही म्हणजे तिला वजन झेपलं, असा एक सर्रास समज आहे. पाटे गाडी उचलून धरतात, थांबवत नाहीत. आळेफाट्यावरून माळशेज घाटाने कल्याणकडे जाताना भरलेली गाडी घाट उतरत असते. चढताना इंजिन दमलं तर गाडी उभी राहते. उतरताना ब्रेक दमले तर काय होतं, हे पावसाळ्यातल्या माळशेजच्या बातम्या वाचणाऱ्याला सांगायला नको.

देशी कंपन्यांनी हा बाजार नीट वाचला. महिंद्राने १.३ टन, १.७ टन अशा पायऱ्या काढल्या. २०२२मध्ये टाटांनी योद्धा २.० आणली, तिचं पासिंग थेट दोन टन. पाठोपाठ बोलेरो मॅक्सही दोन टनांवर गेली. म्हणजे शेतकरी आधी जे चोरून नेत होता, त्यातलं बरंचसं आता कागदावर नेता येतं. नऊ-दहा फुटी हौदा, फळ्या खाली पडतील अशा बाजू, कुठेही पंक्चर निघेल अशी चाकं. केबिनमध्ये आवाज येतो, उन्हाळ्यात पायाला इंजिनची धग लागते. पण या गाड्या बनवणाऱ्यांनी चालकाआधी मालाचा विचार केला आहे. चालकाच्या बाजूने पाहिलं तर ही कौतुकाची गोष्ट नाही. रात्रभर गाडी हाकून सकाळी परत निघणाऱ्या माणसाची पाठ हिशेबात कुणीच धरत नाही.

इथे डी-मॅक्सचं पारडं खरं जड आहे. २०१६मध्ये आंध्रातल्या श्रीसिटीला इसुझूने स्वतःचा कारखाना उघडला. म्हणजे गाडी परदेशी नावाची, पण जन्माने तेलुगू. मालवाहू डी-मॅक्स चालवणारे तिच्या बैठकीचं, स्टेअरिंगचं आणि स्थिरतेचं नाव काढतात. हायवेवर लांब पल्ल्याचं, नाजूक मालाचं काम असेल, तर तिचा विचार जरूर करावा. अडचण पुढे आहे.

(दृश्य: रस्त्याकडेचं गॅरेज. भिंतीला टांगलेले फॅन बेल्ट, क्लच प्लेट.)

हे आळेफाट्याच्या आसपास कुठेही सापडेल असं गॅरेज. इथल्या मेस्त्रीला बोलेरोचं इंजिन डोळे मिटून उघडता येतं. क्लच प्लेट मागच्या फळीवर आहे. नसेल तर मंचरहून एसटीने तासाभरात येते. भाजीच्या धंद्यात गाडी दोन दिवस उभी राहिली, तर नुसती दुरुस्ती महाग पडत नाही. माल सडतो, व्यापारी दुसरा टेम्पो लावतो, आणि लावलेला टेम्पो मग लावलेलाच राहतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे हे वाक्य शोरूममध्ये दिलासा देणारं असतं. पहाटे तीनला मुरबाडच्या रस्त्यावर ते ऐकवत नाही.

आणि एक भीती आहे, जिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही. कंपनी निघून गेली तर? इथून फार लांब नाही, तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना होता. २०१७मध्ये त्यांनी भारतात शेवरले विकणं थांबवलं. २०२१मध्ये फोर्डने गाशा गुंडाळला. त्या मोटारी होत्या, पिकअप नव्हत्या, हे खरं. पण ज्याच्या दारात शेवरले उभी आहे, त्याच्या शेजाऱ्याने धडा घेतलेलाच असतो.

फायनान्सची गोष्ट याहून मोठी आहे, आणि तिची चर्चा सगळ्यांत कमी होते. महिंद्राची स्वतःची कर्ज देणारी कंपनी १९९१पासून आहे, आणि तिचं जाळं थेट तालुक्यापर्यंत पसरलंय. पगाराची पावती नसलेल्या, पीक निघालं की हप्ता भरणाऱ्या माणसाला कर्ज कसं द्यायचं, हे तिथला वसुली करणारा मुलगा बँकेच्या मॅनेजरपेक्षा जास्त जाणतो. गाडी आणि हप्ता एकाच छताखाली मिळाला, की परदेशी कंपनीची दोन-चार चांगली वैशिष्ट्यं बाजूला पडतात.

(दृश्य: पांढऱ्या नंबरप्लेटची हायलक्स. चकचकीत.)

हायलक्सचं वेगळं. १९९७मध्ये किर्लोस्करांचा हात धरून टोयोटा भारतात परतली, पण तिची ही जगप्रसिद्ध पिकअप इथे यायला २०२२ उजाडलं. बिडदीला बनते, किंमत तीस लाखांच्या आसपास. तेवढ्यात तीन बोलेरो पिकअप येतात. पाच माणसं बसणारी केबिन आणि मागे जेमतेम पाच फुटांचा हौदा. टोमॅटोवाल्याने तिचं काय करायचं? बागायतदार, ठेकेदार, ट्रेकिंगवाले, ज्यांना गाडी म्हणून गाडी हवी आणि मागे थोडी जागाही हवी, त्यांच्यासाठी ती आहे. तिला पिकअपच्या यादीत धरून तुलना करणं हा यूट्यूबवरचा खेळ आहे.

(दृश्य: डर्बनचं बंदर. नकाशावर दक्षिण आफ्रिका.)

आता जरा दक्षिण आफ्रिकेत डोकावू. तिथे पिकअपला बक्की म्हणतात. डर्बनला टोयोटाचा मोठा कारखाना आहे, हायलक्स तिथेच बनते, तिथल्या मेस्त्रीला ती पाठ आहे, तिचे भाग गावोगावी मिळतात. तिथल्या शेतकऱ्याच्या लेखी हायलक्स घरची आहे. आणि २०१८पासून त्याच डर्बनमध्ये महिंद्राची पिकअप जुळवली जाते. स्वस्त, दणकट, पण परकी. तिथे आपली गाडी त्याच परीक्षेला बसली आहे, जिला इथे इसुझू बसली.

(दृश्य: पुन्हा नारायणगाव. एक तरुण शोरूमच्या काचेतून आत पाहतोय.)

मग घ्यायची कोणती? भाजीपाला, चारा, बांधकामाचं सामान, तालुक्याच्या आत-बाहेरच्या खेपा असतील, तर देशीच, आणि ज्या कंपनीचा मेस्त्री तुमच्या गावात आहे तिचीच. हायवेचं काम, ठरलेला ग्राहक, पन्नास किलोमीटरच्या आत सर्व्हिस असेल, तर डी-मॅक्स चालवून पाहायला हरकत नाही, चालक दुवा देईल. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला मालवाहतुकीचा परवाना (परमिट) लागत नाही, हेही निवडताना लक्षात असू द्या. कधीकधी दोनशे किलोंच्या हव्यासापायी कागदांचं एक भेंडोळं गळ्यात पडतं.

आणि बुकिंगचे पैसे भरण्याआधी दोन ठिकाणी जाऊन या. जवळच्या पार्टच्या दुकानात त्या गाडीची क्लच प्लेट आज, आत्ता मिळते का ते विचारा. मग फायनान्सवाल्याला विचारा, हेच मॉडेल पाच वर्षं जुनं आणलं तर त्यावर कर्ज किती देणार. हप्ता थकला तर ती गाडी ओढून आणून त्यालाच विकावी लागते, त्यामुळे तो उगाच आकडा फुगवत नाही. दोन कंपन्यांच्या गाड्यांचे त्याने सांगितलेले आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहा, आणि मग शोरूममध्ये जा.