सारसाची चोच कुठे जाते?

[दृश्य: गोंदिया जिल्हा. तलावाची पाळ, पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते.]

पाच-साडेपाच फूट उंची, राखाडी अंग, लाल मान. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या धानपट्ट्यात. रोवणी झालेल्या बांधीत जोडी उतरली की ती धानच खाते आहे, असा समज होतो. खरे काय ते चोच सांगते.

[दृश्य: दुर्बिणीतून चरणारी जोडी.]

सारस काय खातो याची नोंद ठेवायची, तर पाहायचे ते पाळीवरून, शंभर मीटर तरी लांब राहून. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे बघत राहिला तर आपण फार जवळ आलोय. मागे सरकावे, आणि तेवढी मिनिटे चराईच्या हिशेबात धरू नयेत.

एकाच जागी उभा राहून चोच पुन्हा पुन्हा चिखलात खुपसतोय? कंद काढतोय. तलावात गाद नावाच्या पाणवनस्पतीचे कंद त्याला फार आवडतात. चालता चालता इकडेतिकडे टिपत असेल तर नाकतोडे, पाणकिडे, गोगलगाई. बेडूक किंवा साप गवसला की खाली मान घालून बराच वेळ खटपट चालते. घास गिळताना मान वर जाते, तेव्हाच एक नोंद करायची. नुसत्या टोचा मोजल्या तर आकडा फुगतो. चोचीत काय होते ते कळले नाही तर सरळ 'अनोळखी' लिहावे. अंदाजाने बेडूक लिहून रकाना भरण्यात काही अर्थ नाही.

दाणेही तो खातो, विशेषतः कापणीनंतर सांडलेले. पावसाळ्यात बांधीतच घरटे केले तर रोपे उपटून ढीग रचतो. हे नुकसान खरे, पण घरट्याच्या आसपासचेच. अंडी बहुधा दोन, उबवण महिनाभर. पिल्लांचा सुरुवातीचा चारा म्हणजे मुख्यतः किडे, म्हणून याच दिवसांतली फवारणी दुहेरी घात करते: चारा जातो, उरलेल्यात विष जाते.

[दृश्य: बेशरम या माजणाऱ्या झुडपाने वेढलेला तलाव.]

बेशरम माजली की काठच्या उथळ पाण्यातली गाद हटते. मग कंदांसाठी तलावात उतरणारी जोडीही बांध्यांकडेच वळते. पाणी ओसरल्यावर, उन्हाळ्यात, बेशरम मुळासकट खणावी. कापलेल्या फांद्या ओल्या काठावर टाकू नयेत, त्या तिथेच मुळे धरतात. पाऊस लागला की मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या तलावातली गाद आणून लावावी.