पाच मायक्रोसेकंदांचा निरोप

(पडद्यावर टर्मिनल. एक फाइल उघडते.)

फाइल उघडली, पापणी लवायच्या आत. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो अगदी छोटा ठेवून बाकीची कामं बाहेरच्या प्रोग्रामांवर सोपवली, की तो मायक्रोकर्नेल. त्यावर चालणाऱ्या सिस्टिममध्ये तेवढ्यात बरीच निरोपानिरोपी झालेली असते. तुमच्या प्रोग्रामने फाइल सर्व्हरला सांगितलं, त्याने डिस्कच्या ड्रायव्हरला, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामला, विचारलं आणि उत्तर त्याच वाटेने मागे आलं. तिघांचीही मेमरी स्वतंत्र. कर्नेलचं काम पोस्टमनचं: पाकीट पोचवायचं, आतलं वाचायचं नाही.

लिनक्समध्ये हीच मंडळी कर्नेलच्या आत, एकाच मेमरीत नांदतात. कामं झटपट होतात. पण एखादा ड्रायव्हर भलत्याच पत्त्यावर लिहून बसला, की सगळं मशीन आडवं.

मग सगळेच मायक्रोकर्नेल का वापरत नव्हते? निरोप महाग पडत होते म्हणून. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातलं ‘माक’ हे या घराण्यातलं गाजलेलं नाव. ५० मेगाहर्ट्झच्या ४८६ प्रोसेसरवर एक छोटासा निरोप पोचवायला त्याला ११५ मायक्रोसेकंद लागत. कल्पना छान, पण चालायला जड, असं मत पक्कं होत गेलं.

(पडद्यावर आकडा ११५. मग ५.)

जर्मनीतल्या जीएमडी या संशोधन संस्थेत योखेन लीटके यांना ते पटलं नाही. १९९३ मध्ये तशाच प्रोसेसरवर, स्वतःच्या एल-थ्री कर्नेलमध्ये त्यांनी हेच काम सुमारे ५ मायक्रोसेकंदांत करून दाखवलं. यात जादू कसलीच नव्हती. छोटा निरोप मेमरीत न लिहिता थेट रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या इवल्या कप्प्यांतून, द्यायचा. तो दिला, की प्रोसेसर कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या शेड्युलरच्या फेऱ्यात न पडता प्रोसेसर सरळ घेणाऱ्याच्या हवाली करायचा. आणि कर्नेलचा कोड इतका आखूड ठेवायचा, की कॅशमधलं, म्हणजे प्रोसेसरजवळच्या वेगवान छोट्या मेमरीतलं, इतरांचं सामान बाहेर फेकलं जाऊ नये.

त्यानंतरचं त्यांचं एल-फोर कर्नेल तर जेमतेम १२ किलोबाइटचं. नियम कडक: जे बाहेर ठेवून भागतं, ते आत नको. शेवटी आत उरल्या अ‍ॅड्रेस स्पेस म्हणजे प्रत्येक प्रोग्रामची वेगळी मेमरी, थ्रेड म्हणजे चालू कामाचा धागा, आणि निरोप. मेमरीचा कारभारसुद्धा बाहेर गेला. प्रोग्रामने मेमरीत नसलेलं पान, म्हणजे मेमरीचा ठराविक मापाचा तुकडा, मागितलं, की कर्नेल त्याच्याच नावाने पेजरला निरोप धाडतं. पेजर म्हणजेही एक साधा प्रोग्रामच. तो पान जोडून देतो, अडलेला प्रोग्राम पुढे चालू लागतो, आणि आपण थांबलो होतो हे त्याला कळतही नाही. मला विचाराल तर सगळ्या रचनेतली ही सर्वांत देखणी जागा.

आकार आटोक्यात ठेवल्याचं फळ २००९ मध्ये सिडनीत मिळालं. एसईएल-फोर हे एल-फोरच्याच घराण्यातलं कर्नेल सी भाषेतल्या सुमारे ८,७०० ओळींचं. ठरवून दिलंय तसंच ते वागतं, हे तिथल्या निक्टा संस्थेच्या चमूने गणिताने सिद्ध केलं. सिद्धता भरली जवळपास दोन लाख ओळी! अर्थात त्यात कंपायलर, म्हणजे सी भाषेतला कोड प्रोसेसरच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, आणि हार्डवेअर बिनचूक आहेत असं गृहीत धरलं होतं. ड्रायव्हर तर हिशेबातच नव्हते.

(पडद्यावर उघडलेला लॅपटॉप, मदरबोर्डवरच्या चिप.)

आणि घाम निघतो तो तिथेच. वायफाय, यूएसबी, ग्राफिक्स... बाजारात येणाऱ्या प्रत्येक चिपचा ड्रायव्हर लिहायला माणसं आणायची कुठून? मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचं हर्ड ही मायक्रोकर्नेलवरची सिस्टिम. तिचं काम १९९० पासून चाललंय, तरी ती रोजच्या वापरात रुळली नाही. जर्मनीतच ड्रेस्डेनच्या जिनोड प्रकल्पाने व्यवहारी वाट धरली. लिनक्सचेच ड्रायव्हर उचलून आणले, पण राहायला प्रत्येकाला वेगळी खोली, म्हणजे स्वतंत्र मेमरी, दिली. आता वायफायचा ड्रायव्हर कोसळला, तर तेवढाच बंद करून पुन्हा चालू करायचा.