"मला चढतच नाही"

(दृश्य: जिना. तीन-चार मुलं पाठमोरी बसलेली. चेहरे दिसत नाहीत.)

"मला चढतच नाही."

सोळा वर्षांचा मुलगा दारूबद्दल हे म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान असतो. मित्र कौतुकाने बघतात. आणि तो थापा मारत असतो असंही नाही.

वयात येणाऱ्या उंदरांना दारू देऊन जे प्रयोग झाले, त्यांत हेच दिसलं. जेवढ्या दारूने मोठा उंदीर पेंगतो, अडखळतो, तेवढी पोटात जाऊनही कोवळ्या वयाचा उंदीर हिंडता-फिरता राहतो. पेंग येणं, पाय लटपटणं म्हणजे 'आता पुरे' असा शरीराचा इशारा. या वयात तो इशारा उशिरा येतो आणि तोवर पेला पुन्हा भरलेला असतो. आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला मात्र याच वयात दारूचा मार अधिक बसतो. मित्र ज्याला ताकद समजतात, तिथे खरं तर धोक्याची घंटाच वाजायची राहिलेली असते.

व्यसन जडलं की आपण म्हणतो, मन कमकुवत आहे. मला हे कधीच पटलेलं नाही. व्यसन ही मेंदूने शिकलेली गोष्ट असते, आणि शिकण्यात या वयाचा हात कोणी धरणार नाही. भाषा असो, वाद्य असो, खेळ असो, जी वाट पुन्हा पुन्हा तुडवली जाते ती पक्की होते. न वापरलेल्या वाटा बुजत जातात. वाट गाण्याची आहे की सिगारेटची, हे मेंदू विचारत नाही.

(दृश्य: काळोख. एक छोटा दिवा लागतो.)

1990च्या दशकात शास्त्रज्ञ वुल्फ्रम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूत डोपामिन हे ओढ लावणारं रसायन सोडणाऱ्या पेशींवर लक्ष ठेवून होते. अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी खूण म्हणून दिवा लावायला सुरुवात झाली. माकडाला त्याची सवय झाल्यावर पेशी दिवा लागताच उसळू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा त्या शांत होत्या. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावत.

त्या मुलाचा दिवा कोणता? लायटरचा आवाज. हाच जिना. एका ठरावीक मित्राचा मेसेज. हातात अजून काही आलेलं नसतं, पण जीव तिकडे ओढ घेऊ लागतो. यालाच तलफ म्हणतात.

"पण मी रोज कुठे ओढतो?" असं मुलं म्हणतात, आणि मोठी माणसंही तेवढ्यावर निश्चिंत होतात. निकोटिन धुराबरोबर काही सेकंदांत मेंदूत पोचतं. 2000 साली जोसेफ डिफ्रान्झा आणि सहकाऱ्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या काही मुलांमध्ये रोजची सवय लागण्याआधीच, सुरुवातीनंतर काही आठवड्यांतच, निकोटिनवाचून चैन न पडण्याची लक्षणं दिसली होती.

(दृश्य: जिन्यावर एकटाच मुलगा. मग बाकीचे येतात.)

मित्रांचं काय? 2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा खेळ दिला. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी पत्करलेला धोका जवळपास दुप्पट झाला. प्रौढांना शेजारी कोण आहे याने फारसा फरक पडला नाही. लगाम खेचणारा कपाळामागचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो, आणि दोस्तांच्या नजरा त्या लगामावर भारी पडतात. म्हणून 'नाही म्हणायला शिक' एवढं सांगून भागत नाही.

पुढचा टप्पा बाहेरून दिसत नाही.

वारंवार येणाऱ्या डोपामिनच्या या उसळीशी मेंदू जुळवून घेतो. तो डोपामिनला कमी दाद देऊ लागतो. मग तेवढीच मजा यायला जास्त लागतं. त्याहून वाईट म्हणजे बाकीच्या गोष्टीही फिक्या पडतात. आवडता खेळ, गाणी, जिवलगांच्या गप्पा, कशातच रस राहत नाही. पदार्थ मिळाला नाही की चिडचिड, झोपेचं खोबरं, छातीत धडधड. आधी तो मजेसाठी घेत होता, आता नुसतं बरं वाटावं म्हणून घेतो. घरच्यांना दिसतो तो उद्धट झालेला मुलगा, आणि ते त्याच्या उद्धटपणाशी भांडत बसतात.

चव घेणारा प्रत्येक जण इथवर पोचत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. घरातली मारहाण, कोणाला न सांगितलेलं दुःख, उपचार न झालेलं नैराश्य यांचाही असतो. सुरुवातीचं वय मात्र पुन्हा पुन्हा पुढे येतं. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू केलेल्यांमध्ये पुढे कधीतरी दारूच्या आहारी जाण्याचं प्रमाण विशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलं. लवकर सुरुवात करणारी मुलं आधीपासूनच अडचणीत असतील, हेही खरं. मग तर त्यांच्याकडे आधी बघायला हवं.

बघायचं म्हणजे खिसे तपासायचे असं नाही. "कुठून आणलंस?" याआधी "कधीपासून झोप लागत नाहीये?" हा प्रश्न विचारता येतो. समुपदेशक आणि डॉक्टर यांच्याकडे जायला लाज वाटू नये, एवढी तजवीज घरानेच करायची असते.

(दृश्य: तोच जिना, संध्याकाळ.)

सोडल्यावर जुनी वाट पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवी पाडावी लागते. चार महिने हात न लावलेला मुलगा इथून जातो, वरच्या पायरीवर लायटर वाजतो, आणि जीव पुन्हा तिकडे ओढतो. तलफ चढते, पण सहसा काही मिनिटांत ओसरतेही. आज तो न थांबता खाली उतरतो आणि ज्याला सगळं माहीत आहे, अशा एका माणसाला फोन लावतो.

(आवाज: फोनची रिंग. पलीकडून कोणीतरी उचलतं.)