होमस्कूलिंगमधलं लेखन: पहिली काही वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेली कुटुंबं आता पुण्या-मुंबईत बरीच दिसतात, लहान शहरांतही अधूनमधून भेटतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते. गणिताची कुणाला फारशी धास्ती नसते. भाजी आणताना, सुटे पैसे मोजताना ते होत राहतं. वाचनाचंही निभतं. गाडी अडते ती लेखनापाशी. ‘लिहायला बस म्हटलं की याला तहान लागते,’ असं आया सांगतात. मग जूनमध्ये अर्धा डझन दुरेघी वह्या घरात येतात, रोज एक पान शुद्धलेखन ठरतं, आणि गणपतीच्या गडबडीत त्या वह्या जे मिटतात ते पुन्हा उघडत नाहीत.

तुमचं मूल ५ ते ८ वर्षांचं आहे असं धरून आज बोलते. माझं सांगणं थोडक्यात असं आहे, की या वयात अक्षर काढणं आणि मनातलं मांडणं ही दोन कामं निराळ्या वेळी, निराळ्या वहीत करून घ्या.

‘मी काल आजीकडे गेलो’ हे वाक्य आपल्याला किती सोपं! पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघा. वाक्य डोक्यात धरून ठेवायचं. ‘जी’ला वेलांटी पहिली की दुसरी, ते आठवायचं. ‘डे’वरची मात्रा कुठल्या बाजूला झुकते? तोवर पेन्सिलचं टोक मोडतं, बोट दुखायला लागतं, आणि वाक्याचं शेपूट निसटून जातं. मग आजीच्या मांजराबद्दल तोंडाने न थांबता बोलणारं मूल वहीत लिहितं, ‘मी गेलो. मजा आली.’ आणि आपण म्हणतो, याला काही सुचतच नाही.

म्हणून पहिली वही सांगण्याची. कोरी, बिनरेघी, मोठ्या आकाराची. मूल सांगेल आणि तुम्ही लिहाल, त्याला दिसेल असं, ठसठशीत अक्षरात. समजा, त्याने सांगितलं: ‘मांजर आली. दुधापाशी गेली. आजीने पातेलं वाजवलं. मग ती भिंतीवर. पण ती गेली नाही, वाट बघत बसली.’ इथे आपला हात शिवशिवतो. ‘भिंतीवर’च्या पुढे ‘चढली’ घालावंसं वाटतं. घालू नका. ‘मग ती भिंतीवर’ यात मांजराची झेप आहे, ती त्याची स्वतःची आहे. लिहून झालं की बोट फिरवत त्यालाच वाचून दाखवा. कधी तेच म्हणेल, ‘इथे चढली टाक ना.’ तेव्हा टाका. घरात ‘गेल्तो’, ‘व्हता’ असं बोलत असाल तर या वहीत तेही तसंच उतरू द्या. प्रमाण मराठी पुस्तकांतून कानावर पडत असते, तिची घाई नको.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या शार्लट मेसनबाईंनी (जन्म १८४२, मृत्यू १९२३) घरी शिकवणाऱ्या आयांना हेच सांगितलं होतं. गोष्ट एकदाच वाचून दाखवायची आणि मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. मुलांकडून निबंध लिहून घ्यायची घाई करू नये, नऊ-दहा वर्षांपर्यंत मुख्यतः तोंडीच चालू द्यावं, असं त्यांचं मत. जगभरातली होमस्कूलिंगवाली अनेक घरं अजून त्यांच्या वाटेने जातात. आपल्याकडे तर कीर्तन ऐकून आल्यावर घरी आख्यान सांगायची रीत होतीच.

आता हात. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिली बालशाळा काढली, तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायची. आपल्याकडे धुळाक्षरं त्याच्याही कितीतरी आधीपासून होती. ताटात रवा पसरा, काम झालं. महागडे संच मागवू नका, असं मी मुद्दाम सांगते, कारण जाहिरातींचा मारा फार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या शंख-शिंपले, बिया, पानं-फुलं यांच्यावर उभ्या केल्या. रांगोळीचे ठिपके जोडणं, वाटाणे सोलणं, कणकेच्या लाट्या करणं, हेही हाताच्या तयारीत धरा आणि वर्षाच्या आखणीत तसं लिहूनच ठेवा.

अक्षरं ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने शिकवायचा आग्रह मात्र सोडा. वळणं मिळतीजुळती असतील ती एकत्र घ्या: ग, म, भ, न, व, ब, क, प, ष, फ, ट, ठ, ढ. सुरुवातीला काना आणि सुटी अक्षरं यांतच भरपूर शब्द होतात. ‘बाबा’, ‘मामा’, ‘काका’ आलं की स्वारी घरभर खडूने लिहीत सुटते. खरी गंमत पहिल्या वेलांटीपाशी होते. ‘खिडकी’ म्हणताना आधी ख ऐकू येतो, मग इ. लिहिल्यावर मात्र वेलांटी ‘ख’च्या आधी बसते. मूल ती कानाप्रमाणे मागे काढतं. त्यावर लाल फुली मारू नका, त्याचा कान बरोबर आहे. पुठ्ठ्याची अक्षरं आणि वेगळ्या रंगाच्या वेलांट्या-मात्रा कापून ठेवा, म्हणजे पेन्सिल न धरताही शब्द जुळवता येतात, मोडता येतात. (जाता जाता, छापील पुस्तकातला ‘ल’ आणि मोबाइलवरचा ‘ल’ वेगळा का, हा प्रश्न येणारच आहे. दोन्ही चालतात म्हणून सांगा आणि घरात एकच ठेवा.)

दुसरी वही दुरेघी, अक्षर काढण्याची. त्यात किंवा पाटीवर गिरवणं रोज १० ते १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. चार अक्षरं सुबक आली की पाटी पुसून उठायचं.

साधारण सातव्या वर्षी दोन्ही वह्यांची गाठ घालता येते. सांगण्याच्या वहीतलं स्वतःचंच एक वाक्य मुलाने निवडावं आणि दुरेघीत उतरवावं. अनुलेखनाला याहून चांगला मजकूर मला माहीत नाही. पुढे तेच वाक्य दोन दिवसांनी श्रुतलेखनाला घ्या. शुद्धलेखनाचा जाच मात्र इतक्यात नको. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण १८, मोठ्यांचीही तारांबळ उडवणारे. आठव्या वर्षी ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वीट’ पण ‘विटेला’, अशा जोड्या गोळा करण्याचा खेळ पुरे.

वर्षाची आखणी करताना पाठ्यपुस्तकातल्या धड्यांआधी दिनदर्शिका बघा. जूनमध्ये भिंतीवर पावसाची नोंद: ‘आज पाऊस नाही’, ‘खूप आला, लाईट गेली’. दिवाळीत वाण्याची यादी मुलाने लिहायची, आणि दुकानात तीच न्यायची. ‘साखर’ऐवजी ‘साकर’ असेल तरी वाणी साखरच देतो. संक्रांतीला मामाला पोस्टकार्ड. उन्हाळ्यात सरबताचं प्रमाण. वाचणारा कुणीतरी खरा आहे हे कळलं की अक्षर आपोआप सुधारायला लागतं. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, ती घ्या, पण पडताळून बघायला.

मोजमाप कशाने करायचं, हा प्रश्न आजोबा हमखास विचारतात. केंद्र सरकारच्या २०२१च्या ‘निपुण भारत’ या मोहिमेने पायाभूत वाचन-लेखनासाठी तिसरीचा शेवट ही रेघ धरली आहे. एनआयओएस, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या पायाभूत शिक्षणातली ‘ए’ पातळीही तिसरीच्याच बरोबरीची आहे, ‘बी’ पाचवीच्या. दहावीला तिथून बसायला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे सहाव्या वर्षी निबंध येत नाही म्हणून झोप उडवण्याचं काहीच कारण नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल स्वतःच्या मनाने पाच-सहा वाक्यं, दुसऱ्याला वाचता येतील अशी, लिहीत असेल तर तुमचं बरं चाललंय.

आणि आजोबांना दाखवायला एक फाईल ठेवा. वाण्याची यादी, पावसाचा कागद, पोस्टकार्डाचा फोटो, सांगण्याच्या वहीतलं महिन्याचं एक पान, सगळं त्यात. प्रत्येक कागदावर तारीख घाला, आणि ती मुलालाच घालू द्या. आकडे उलटे आले तरी चालतील.

नमस्कार.