दोन फळ्यांवरची पुस्तकं

नमस्कार श्रोतेहो.

समाज आणि कला या विषयांवरची पुस्तकं शोधायला ग्रंथालयात गेलात, तर ती बहुधा दोन वेगळ्या फळ्यांवर सापडतात. एकीवर जाडजूड, तळटीपांनी भरलेले ग्रंथ असतात: समाजशास्त्र, सौंदर्यशास्त्र, कलेचा इतिहास. दुसरीवर 'कसं करावं' सांगणारी पुस्तकं: चित्र कसं रंगवावं, नाटक कसं बसवावं, सभा कशी चालवावी, पाहणी कशी करावी. पहिल्या फळीपाशी घुटमळणाऱ्यांना दुसरी उथळ वाटते. दुसरीवाल्यांच्या मते पहिली म्हणजे नुसता शब्दांचा फुलोरा. मला ही वाटणीच फारशी पटत नाही, कारण पुस्तकं नेमून दिलेल्या फळीवर गप्प बसत नाहीत. हातच्या कामासाठी लिहिलेलं पुस्तक काही पिढ्यांनी अभ्यासकाचा पुरावा होतं, आणि अभ्यासकानं लिहिलेलं कुणी तरी कारखान्यात नाही तर रंगशाळेत कामाला लावतं. आज मी तुम्हाला अशीच थोडी ये-जा सांगणार आहे.

सुरुवात एका चित्रकारापासून करू. चेन्निनो चेन्निनी हा इटलीचा, जोत्तो या थोर चित्रकाराच्या शिष्यपरंपरेतला. 1400 च्या आसपास त्यानं चित्रकारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात सौंदर्य म्हणजे काय याची चर्चा जवळजवळ नाही. ज्यावर चित्र काढायचं त्या लाकडी फळीला सरस कसा लावायचा, सोन्याचा वर्ख कसा चढवायचा, ब्रश कशाचा बांधायचा, हे आहे. त्या काळी रंग अंड्याच्या बलकात कालवत. चेन्निनी सांगतो, तरुण चेहरा रंगवायचा असेल तर शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्या, तिचा बलक फिकट असतो. गावाकडच्या कोंबडीचा बलक लालसर, तो म्हाताऱ्या किंवा सावळ्या माणसांच्या चेहऱ्यांना चालतो. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याच्या बोटांना बलक लागलेला होता, याबद्दल शंका राहत नाही.

निळ्या रंगाची कृती तर त्याहून बारकाईची. राजावर्त म्हणजे लाजवर्दी दगड कुटून त्याची वस्त्रगाळ पूड करायची. नुसती पूड वापरली तर रंग राखाडी येतो, कारण दगडात निळ्याबरोबर इतर खनिजंही मिसळलेली असतात. म्हणून ती पूड राळ आणि मेण यांच्या गोळ्यात मळायची आणि तो गोळा किमान तीन दिवस, तीन रात्री रोज तिंबत ठेवायचा. मग राखेच्या कोमट निवळीत तो दोन काठ्यांनी दाबत राहायचा. निळा कण सुटून पाण्यात उतरतो, गाळ गोळ्यातच अडकून राहतो. पहिल्या पाण्यात उतरतो तो सर्वांत उंची रंग. पुढच्या प्रत्येक पाण्यात तो फिका होत जातो आणि शेवटी नुसती निळसर राख हाती लागते.

हे पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं ते 1821 साली, रोममध्ये. तोवर ते हस्तलिखितांतच होतं. 1899 मध्ये क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीनं त्याचा इंग्रजी अनुवाद केला. नुसता शब्दकोश घेऊन ती बसली नाही. बलकात रंग कालवून तिनं त्या कृती करून पाहिल्या. 1901 मध्ये अशा पद्धतीनं रंगवणाऱ्या चित्रकारांची एक संस्थाही तिच्या पुढाकारानं निघाली. हीच हेरिंगहॅम पुढे अजिंठ्याला आली. नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशा तरुण चित्रकारांना बरोबर घेऊन तिनं तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, आणि 1915 मध्ये त्या लंडनहून ग्रंथरूपानं प्रसिद्ध झाल्या. जुन्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर 'काय काढलंय' याच्या जोडीला 'रंग कसा धरलाय' हेही पाहण्याची सवय तिला चेन्निनीनंच लावली असावी, असं मला वाटतं.

गोष्ट इथंही थांबत नाही. 1933 मध्ये डॅनियल थॉम्प्सन या अमेरिकन अभ्यासकानं चेन्निनीचा नवा इंग्रजी अनुवाद काढला, आणि तीन वर्षांनी त्याच रंगपद्धतीवर चित्रकारांसाठी स्वतःच एक हातपुस्तक लिहिलं. कारागिराचं पुस्तक अभ्यासकाकडे गेलं आणि पुन्हा कारागिराच्या टेबलावर आलं. मधे पाच शतकं गेली, एवढंच.

आता समाजाकडे वळू. इरॅस्मस या डच विद्वानानं 1530 मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर एक छोटं लॅटिन पुस्तक लिहिलं. नाक टोपीला किंवा कपड्याला पुसणं गावंढळपणाचं, हाताच्या कोपराला पुसणं मासळी विकणाऱ्यांचं, रुमाल वापरणं सभ्य, अशी त्याची शिकवण. पुस्तक अगदी व्यवहारी. चार शतकांनी नॉर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञानं असली शिष्टाचाराची पुस्तकं शतकामागून शतक शेजारी शेजारी ठेवून वाचली. लाज, किळस, संकोच या भावना माणसाला जन्मतः मिळत नाहीत, त्यांना इतिहास आहे, हे त्यानं त्यांतून दाखवलं. जुनी पुस्तकं ज्या गोष्टी मोकळेपणानं सांगतात, त्यांचा नंतरच्या पुस्तकांत उल्लेखही नसतो, कारण त्या बोलायच्याच राहिलेल्या नसतात. एलियासचा हा ग्रंथ 1939 मध्ये निघाला. लेखक जर्मनीतून परागंदा झालेला, भाषा जर्मन आणि साल महायुद्ध सुरू झालं ते. त्याला मोठा वाचकवर्ग मिळाला तो 1969 च्या पुनर्मुद्रणानंतर.

या वाचनात एक खाचखळगाही आहे. 'अमुक करू नका' असं छापलेलं दिसलं की लोक ते करत होते, असं आपण पटकन धरतो. पण शिष्टाचाराची पुस्तकं एकमेकांवरून सर्रास उतरवलेली असतात. मनाई कदाचित शंभर वर्षांपूर्वीची असते, आणि लेखकानं ती आधीच्या पुस्तकातून तशीच उचललेली असते. पाककृती, घरगुती औषधं, पत्रलेखन, कुठलंही जुनं व्यवहारी पुस्तक पुरावा म्हणून वाचताना ते कुठून उतरवलंय, हे आधी तपासावं लागतं.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच रंजक आहे. मिशेल शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेत रंगाईच्या कामावर देखरेख करत होता. तक्रार अशी यायची की काळा रंग मेलेला दिसतो, त्यात दम नाही. शेवरलनं इतर ठिकाणचा काळा धागा मागवून तपासला. इथल्या धाग्यात खोट निघेना. मग त्याच्या लक्षात आलं की दोष रंगाच्या पिंपात नाही. काळ्याशेजारी निळे-जांभळे धागे विणले होते आणि शेजारामुळे डोळा फसत होता. दोन रंग जवळ आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. 1839 मध्ये त्यानं यावर भलामोठा ग्रंथ लिहिला. विणकर, माळी, छपाईवाले, खोल्या सजवणारे अशा सगळ्यांसाठी त्यात स्वतंत्र सूचना आहेत. पुढे स्यूरा आणि सिन्याक या फ्रेंच चित्रकारांनी ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं रंगवली, त्यामागे हे वाचन होतं. कारखान्यातल्या तक्रारीतून शास्त्र निघालं आणि शास्त्रातून चित्रशैली. हा ग्रंथ कुठल्या फळीवर ठेवायचा, ते ग्रंथपालांनी ठरवावं.

समाजाच्या अभ्यासात माझ्या मते सर्वांत उपयोगी पान बहुतेक वाचक उघडतच नाहीत. ते म्हणजे परिशिष्ट. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा अभ्यास केला, तो 1899 मध्ये प्रसिद्ध झाला. ते त्याच वस्तीत राहिले आणि सुमारे 2,500 कुटुंबांच्या घरी स्वतः गेले. ग्रंथ विद्वत्तेचाच आहे. पण शेवटी त्यांनी घरोघर विचारलेल्या प्रश्नांचे तक्ते छापले आहेत. कुटुंबाचा तक्ता वेगळा, घराचा वेगळा, रस्त्याचा वेगळा. ते पान उघडलं की तो ग्रंथ एकदम कामाचा होतो. कुठल्याही वस्तीची पाहणी करायची असेल तर सुरुवात कशी करावी, हे त्या तक्त्यांतून शिकता येतं. आणि लेखकानं कशाच्या जोरावर बोललंय, तेही तपासता येतं. ज्या समाजशास्त्रीय पुस्तकात निष्कर्ष ठळक आहेत पण काय विचारलं, किती जणांना विचारलं, कुणी नकार दिला याचा पत्ताच नाही, ते पुस्तक मी मिटून ठेवतो. भाषा कितीही भारदस्त असो.

विल्यम व्हाइट यांचं काम मला याच कारणासाठी आवडतं. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या पायथ्याशी बांधलेले मोकळे चौक होते. काही गजबजलेले, काही ओस. का, हे शोधायला व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले आणि माणसं मोजली. ऊन, आकार, देखणेपणा, सगळं ताडून झालं. शेवटी निष्कर्ष इतका साधा निघाला की तो सांगताना व्हाइटनाच अवघडल्यासारखं झालं असावं: जिथं बसायला जागा असते तिथं लोक बसतात. त्यांनी आणखी एक टिपलं. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो. ऊन-सावलीत काही फरक पडत नाही, तरी सरकवतो, कारण मग ती त्याची जागा होते. या पाहणीमुळे 1975 मध्ये तिथले बांधकाम-नियम बदलले. दर 30 चौरस फूट चौकामागे एक फूट लांबीची बैठक हवी, असं ठरलं. पुस्तक 1980 मध्ये आलं, नियमाच्या नंतर!

आता अडचणीचा भाग. हाताचं ज्ञान कागदावर पुरतं उतरतं का? दिदरो हा फ्रेंच लेखक चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा. 1751 पासून निघालेल्या फ्रेंच विश्वकोशासाठी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारखान्यांत जाऊन कामगारांना प्रश्न विचारले. त्याची तक्रार अशी की हजारांत जेमतेम डझनभर कारागीर आपलं काम स्पष्ट शब्दांत सांगू शकतात. मला यात कारागिरांचा दोष दिसत नाही. बोटांना जे कळतं ते तोंडाला कळलंच पाहिजे, असं कुठं आहे? म्हणून तर त्या विश्वकोशाला मजकुराच्या 17 खंडांबरोबर चित्रांचे 11 खंड जोडावे लागले.

संगीतात हा पेच आणखी घट्ट होतो. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. ती झाली शिकणाऱ्याची पुस्तकं. दुसरीकडे 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा चार भागांचा शास्त्रग्रंथ मराठीत आहे, आणि तोही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरु मतं देतो, विरुद्ध मतंही देतो. स्वरलिपीवर आक्षेप तेव्हाही होते, आजही आहेत: मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आंदोलन म्हणजे स्वराचं हलकं झुलणं, स्वराचा लगाव, हे कागदावर येत नाही. खरं आहे. पण लिपीत न बांधलेल्या किती बंदिशी गायकाबरोबर गेल्या, याचा हिशोब आक्षेप घेणारे मांडत नाहीत. पुस्तक समोर ठेवून कुणी गवई होत नाही. झालेल्या गवयाला विसरलेला अंतरा मात्र पुस्तकातच सापडतो.

आता एक जुना ग्रंथ, ज्याला या दोन फळ्यांची भानगडच माहीत नव्हती. भरताचं नाट्यशास्त्र. त्याचं नाव निघालं की लोक थेट सहाव्या अध्यायावर जातात, रससिद्धान्तावर. आठ रस, स्थायीभाव, मग अभिनवगुप्ताची टीका, मग त्या टीकेवरच्या टीका. माझी शिफारस वेगळी आहे. दुसरा अध्याय आधी वाचा. त्यात नाट्यगृह कसं बांधावं ते आहे: जमीन नांगरून हाडं, खुंट्या, कवट्या काढून टाका, मोजायची दोरी मजबूत घ्या, ती तुटता कामा नये. माणसांसाठीचं लांबट नाट्यगृह 64 हात लांब आणि 32 हात रुंद असावं. हात दीड फुटाचा धरला तर हे साधारण 96 फूट बाय 48 फूट होतं. याहून मोठं का नको? भरत कारण देतो: मोठ्या मंडपात उच्चारलेलं वाक्य विस्वर म्हणजे बेसूर होतं, आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव मागच्यांना दिसत नाहीत. म्हणजे रस ज्या चेहऱ्यातून आणि आवाजातून पोचायचा, ते पोचण्याची सोय त्यानं चार अध्याय आधीच करून ठेवलेली आहे. नाटक बसवणाऱ्या मंडळींनी तालमीच्या जागी एक माणूस 90 फुटांवर उभा करून बघावा, त्याला काय ऐकू येतं ते विचारावं, आणि मग खुशाल सहावा अध्याय उघडावा.

नमस्कार.