मातीने लिहिलेली अक्षरं

आज बोलायचं कबूल केलंय ते एवढंच, की इराणातलं निशापूर आणि मध्य आशियातलं समरकंद इथल्या दहाव्या शतकातल्या मातीच्या भांड्यांवरची काळी अक्षरं झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली, फिसकटत का नाहीत. त्याकडे येऊच. आधी एक तक्रार.

अरबी अक्षर दिसलं की आपण ठरवून टाकतो, कुराणातलं वचन असणार. अहो, जेवणाच्या ताटावर? तिथे तेव्हा सामानी राजघराण्याचं राज्य होतं. त्या काळातल्या या भांड्यांवर बहुतेक म्हणी आणि शुभेच्छा आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला निशापूरचा वाडगा घ्या. व्यास ४५.७ सेंटिमीटर, म्हणजे आपली परातच. काठाने फिरणारा मजकूर सांगतो, कामाआधी आखणी केलीस तर पस्तावणार नाहीस. भाग्य लाभो, सुखरूप राहा. लग्नात वाढप्यांच्या हाती हीच द्यायला हवी. पॅरिसच्या लूव्रमधलं ताट म्हणतं, विद्या आधी चाखताना कडू, शेवटी मधाहून गोड. (मागच्या रांगेतले शिक्षक खूश झाले.)

सगळ्यांत लाडका मजकूर मात्र 'बरका लि-साहिबिही'. बरकत आपल्या ओळखीची, साहेबही ओळखीचा. फक्त इथे साहेब म्हणजे भांड्याचा धनी. आपण स्टीलच्या पातेल्यावर नाव, तारीख, 'सप्रेम भेट' घालून घेतो. इथे नाव नाहीच, ज्याचं भांडं त्याला बरकत. बाजारात मांडायला सोयीचं! आणि गंमत बघा, याच सामानींच्या बुखाऱ्याच्या दरबारात कवी रूदकी फारसीत कविता करतोय, ताटावर मात्र अरबी. तीही कूफी, म्हणजे जुन्या कोनदार वळणाची, बिनटिंबांची. शब्दाच्या मध्ये ब, त, न सगळ्यांचा एकच दात. मोडी वाचणाऱ्यांनी हसू नये. ऱ्हस्व-दीर्घ अंदाजाने लावायची सवय तुम्हालाच आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

चाकावर घडवलेलं भांडं लालसर किंवा बदामी मातीचं. ते अर्धवट सुकलं, चामड्यासारखं घट्ट झालं, की त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ घोळ चढवायचा. भांडं फार सुकलं असेल तर घोळ नीट धरत नाही, पुढे काठाशी पापुद्रे सुटतात. या पांढऱ्यावर काळी अक्षरं. आणि मुद्दा इथेच आहे: तो काळा रंग नुसता रंग नव्हे. मँगनीज आणि लोहाची भुकटी मातीच्या घोळात कालवलेली असते. वरची पारदर्शक झिलई शिशाची; भट्टीत ती वितळून पातळ होते आणि उतारावरून ओघळते. नुसता धातूचा रंग तिच्यात विरघळून तिच्याबरोबर वाहतो. मातीत बांधलेला रंग जागचा हलत नाही. पुरावा त्याच गावात आहे. निशापूरचीच हिरव्या-पिवळ्या फराट्यांची भांडी बघा, तिथे तांब्याचा हिरवा मोकळा सोडलाय आणि तो खुशाल पसरलाय.

घोळ दाट, म्हणून रेघेला जाडी येते. कुठे कड चुकली तर अणकुचीदार हत्याराने काळं खरवडून खालचं पांढरं उघडं करायचं. अलिफ-लाम या अरबी अक्षरांच्या त्या धारदार उभ्या रेषांचं श्रेय कलमाइतकंच या खरवडणीला आहे. मजकूर कमी पडला तर आडव्या रेघा ताणून गोल भरायचा.

भट्टीत भांडी एकावर एक रचताना मध्ये मातीच्या छोट्या तिपाया ठेवत, नाहीतर झिलईने ती एकमेकांना चिकटली असती. म्हणून संग्रहालयात अक्षरं वाचून झाली की वाडग्याच्या आतल्या तळाकडेही नजर टाका. तिथे कित्येकदा तीन बारीक व्रण सापडतात.