खचणं आणि टेकू

(परदेशातील मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार.

पुण्यात बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात २० सप्टेंबर २०२४ ला महापालिकेचा एक ट्रक बघता बघता जमिनीत गेला. व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वर पेव्हर ब्लॉक बसवलेले, आणि एकदम मागची चाकं खाली, पाठोपाठ अख्खा ट्रक गडप. चालक बचावला, हे नशीब.

अशा वेळी आपण ‘जमीन खचली’ म्हणतो, ‘कोसळली’ म्हणत नाही. कोसळतं ते वरून, खचतं ते तळातून. रस्त्याखालचा पाइप गळतो, पाणी माती वाहून नेतं, पोकळी होते. वरचा थर जमेल तितके दिवस तोलून धरतो.

पेठांतल्या वाड्यांचंही तेच. दगडी जोतं, सागवानी सांगाडा, मातीच्या भिंती. खांब बुडाशी कुजला म्हणून भिंत लगेच पडत नाही. आधी चौकट तिरकी होते, दार लागेनासं होतं, कडी कोयंड्यात बसत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी भिंती पाणी पिऊन बसल्या.

माणसालाही आपण हाच शब्द लावतो. ‘नोकरी गेल्यापासून खचलाय तो.’ ‘वहिनी गेल्या आणि दादा पार खचले.’ आणि लगेच सांगतो, ‘अरे, खचून जाऊ नकोस!’ मंडळी, हे सांगणं मला फार खुपतं. रस्ता खचला तर आपण गळती कुठे आहे ते शोधतो. माणसाच्या बाबतीत का शोधत नाही? व्हिसाची टांगती तलवार असते, पुण्यात आई एकटी असते, पैसे संपत आलेले असतात. हे विचारायला हवं, आणि तेही फोनवर नाही. फोनवर सगळे ‘बाकी मजेत’च म्हणतात.

भिंत फुगली की वाड्यात पहिलं काम टेकू लावायचं. तिरका वासा, खाली पाचर. डागडुजी नंतर. घरी डबा पोचवणं, मुलांना शाळेतून आणणं, अर्ज भरताना शेजारी बसणं, हे टेकूच आहेत. उपदेशाच्या आधी हे करूया.

यंदा नव्याने आलेल्या कुटुंबांची यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने त्यातलं एक नाव घ्या, आणि पुढच्या रविवारच्या आत त्यांच्या घरी जाऊन या.